गजामामा, टॅप काढायला सांगितलाय

मामा, शेवटी तुझंच झालं.

काल म्हापशाला गेले होते. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून वाट काढत लोरेन्सच्या दुकानात पोचले आणि आपल्या डब्याचा, गिटारच्या अॅम्प्लिफायरचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला सांगून आले. टॅप काढायला सांगितलाय. म्हणजे तारेची दोन टोकं बाहेर, एक दोनशे तीस व्होल्टचं, एक एकशे ऐंशीचं, आणि मागच्या बाजूला फिरवायचं बटण. तू म्हणत होतास तसाच.

हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू मांडीवर थाप मारून स्वयंपाकघराकडे ओरडला असतास, "ताये, आयकलंस मगो? तुझ्या कॉलेजवाल्या चेडवान हार मानली!" आई चुलीपुढून म्हणाली असती, "तुमचा काय ता तुमी बघा. माका त्या डब्यातला काय कळता?" आणि तू पुढचे कितीतरी आयतार, कितीतरी रविवार मला चिडवत राहिला असतास.

बसमधून येताना मी हे सगळं मनात ऐकत होते. पार्से आलं, उतरले, आणि तुला सांगायला म्हणून भराभर चालायला लागले. अर्ध्या वाटेत आठवलं. खरंच सांगते मामा, अर्ध्या वाटेत आठवलं.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. लिहायचं ते काय, हेही अजून ठरलेलं नाही. पण घरात बोलायला गेले की आई रडते, बाबा उठून बाहेर काजूंकडे बघत उभे राहतात. म्हणून तुझ्याशीच बोलते.

त्या दिवशी मी कॉलेजातून आले तर ओट्यावर शंकर बसला होता. डिचोलीत तुझ्या खोलीत राहणारा, कोल्हापूरकडचा, तुझ्यासारखाच खनिजाचा ट्रक चालवणारा. त्याला मी एकदाच पाहिलं होतं, तू त्याला जत्रेला घेऊन आला होतास तेव्हा. तो इतक्या लांबून एकटा का आला असेल, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी आई दिसली. ती जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तुझी चपलांची पिशवी होती.

शंकर माझ्याकडे न बघता बोलत होता. "धक्क्यावर लाईन हुती, ताई. बार्जमधी माल वतायची. ह्येची गाडी माझ्या म्होरं. पुढच्या गाड्या हालल्या तरी ही हालंना. मी हारन मारला. लई मारला. शिव्या बी घातल्या. म्हटलं, झोपलाय गडी. मग उतरून दार उघडलं, तर... इंजन चालूच हुतं, ताई."

इंजिन चालू होतं. मी त्याला दोनदा विचारलं, चालू होतं म्हणजे कसं? तो म्हणाला, चालू म्हंजे चालू. गाडी उभी, इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

डॉक्टरनी हृदय बंद पडलं असं सांगितलं म्हणे. बंद पडणं मला रेडिओचं माहीत होतं. रेडिओ बंद पडला की आपण मागचा पुठ्ठा काढायचो, मीटर लावायचो, कुठपर्यंत करंट येतोय आणि कुठून पुढे जात नाही ते बघत जायचो. काहीतरी सापडायचंच. तुझ्या बाबतीत कुणी काही शोधलंच नाही. पुठ्ठा काढून बघितलंच नाही. बंद पडलं म्हणाले आणि कागदावर सही केली.

तुला तो बोल्स आठवतो? माझ्या निळ्या ड्रेसला आईकडून शिवून घेतलेला, तुझ्या जुन्या खाकी पँटच्या कापडाचा खिसा?

वाल्व्हच्या रेडिओत हात घालायचा तर एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, हे तुला कोरगावच्या मारियाणने शिकवलं होतं. बोटीवर तीस-पस्तीस वर्षं काढलेला म्हातारा तारवटी. "एक हात बोल्सांत!" असं तो ओरडायचा म्हणे, आणि तू माझ्यावर तसंच ओरडायला लागलास. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मामा, मला खिसा कुठे आहे? तू माझ्या ड्रेसकडे वर-खाली बघितलंस, जणू काही तुला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं की बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात. आणि मग आईच्या मागे लागलास. आई म्हणाली, "चेडवाच्या जातीक बोल्स कित्याक?" तू म्हणालास, "जीव वाचूक."

दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज लागतं. असं तू समजावलंस. पुढे माझ्या पुस्तकातही तेच सापडलं, जरा वेगळ्या शब्दांत. मी तुला ते वाचून दाखवलं तेव्हा तू फार खूश झालास. "म्हणजे मारियाण शिकलेलो माणूस!" म्हणालास.

वाटेत काळीज लागतं. मामा, तू तर कशालाच हात लावला नव्हतास.

तुला पेडण्याहून आलेल्या टेंपोतून घरी आणलं. गाव जमलं. नाटकमंडळातले सगळे आले, पेटीवाले मास्तरसुद्धा, ज्यांना तुझी गिटार म्हणजे देवळात शिरलेली मांजर वाटायची. मी खांबाला टेकून उभी होते. कोणीतरी काकी माझ्या कानाशी म्हणाली, "असो बोल्सात हात घालून काय उभा रवलंय गो? बरा दिसना." मला कळलंच नव्हतं की माझा डावा हात खिशात आहे. काढायला गेले तर निघेना. आईने दुरून बघितलं आणि म्हणाली, "रवांदे तिका तशीच." 

आता मला डब्याचं सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतं. तुला माहीत आहे, पण तरी.

मारियाणच्या घरी तो मोठा वाल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या मागे ग्रामोफोन लावायची दोन भोकं होती. तू एकदा गंमत म्हणून गिटारची वायर त्यात खुपसलीस. त्या रेडिओतून जो आवाज आला त्याचं वर्णन तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की मला तो माझ्याच कानांनी ऐकल्यासारखा वाटतो. "गोडशो," म्हणायचास, "आणि जरा फुटको. रडून उठलेल्या बायलेवरी." बाजारात तयार मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरमधून तुला तो कधीच मिळाला नाही. जत्रेच्या नाटकात तुझी गिटार पेटी-तबल्यात बुडून जायची. माईक पुढे ठेवला की माईक शिट्टी मारायचा आणि मास्तर तुझ्याकडे रागाने बघायचे.

मग मारियाणचा रेडिओ जळला. तो त्याने तुला देऊन टाकला. "आवाज गेलो ताचो. लाकूड व्हर," म्हणाला. लाकूड वाळवीने खाल्लं होतं. पण आत सगळं शाबूत होतं. पुढचा छोटा वाल्व्ह, मागचा मोठा वाल्व्ह, डीसी करणारा वाल्व्ह, स्पीकर, स्पीकरचा छोटा ट्रान्सफॉर्मर. जळला होता फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर, घरातली वीज घेऊन सगळ्यांना वाटून देणारा. त्याचा वास मला अजून आठवतो. जळलेला कागद आणि लाख. तू तो दोन्ही हातांत धरून म्हणालास, "सगळो संवसार बरो आसा गो बाय, फकत घरधनी मेलो."

तेव्हा मी हसले होते.

तर ठरलं. त्या रेडिओच्या सामानातून गिटारसाठी छोटा अॅम्प्लिफायर करायचा. आपण त्याला डबा म्हणू लागलो, कारण खोका म्हणून तू खरोखरच बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होतास. सगळं त्यात बसलं. पॉवर ट्रान्सफॉर्मरची जागा तेवढी रिकामी राहिली, आणि कुठला ट्रान्सफॉर्मर घ्यायचा यावर आपलं भांडण सुरू झालं.

खरं तर बऱ्याच गोष्टींवर आपलं पटकन जमलं. मी माझ्या पुस्तकातून गणित केलं. मोठ्या वाल्व्हला अडीचशे व्होल्टच्या आसपास हवेत, तीनशेच्या वर गेले तर आतली प्लेट लाल होते आणि वाल्व्ह जातो. तू आधी साडेतीनशे म्हणालास, कारण जास्त म्हणजे जास्त आवाज. मी वाल्व्हचा कागद दाखवला. तू ऐकलंस. सहा-तीनच्या, म्हणजे सहा दशांश तीन व्होल्टच्या, वायंडिंगला जाड तार हवी, कारण तिन्ही वाल्व्हचे हीटर त्यावर पेटायचे, हे तू सांगितलंस आणि मी ऐकलं. गाभा जरा मोठाच घ्यायचा, म्हणजे रात्रभराच्या नाटकात तापणार नाही, हे दोघांनाही एकदमच सुचलं.

अडलं ते टॅपवर.

तू मीटर घेऊन देवळात गेला होतास, आठवतं? मंडपाच्या माळा लागल्या, माईक लागला, गावातले सगळे दिवे लागले, आणि काटा एकशे ऐंशीवर आला. तू धावत घरी आलास. "बाय, देवळात एकशे ऐंशी! दोनशे तीसचो ट्रान्सफॉर्मर थंय काय करतलो? मेणबत्ती पेटयतलो?" म्हणून तुला टॅप हवा होता. संध्याकाळी बटण एकशे ऐंशीवर, एरवी दोनशे तीसवर. दोन्हीकडे वाल्व्हना बरोबर तेवढंच मिळणार.

चूक काहीच नव्हतं त्यात. पण मारियाणचा रेडिओ कशाने जळला होता? त्यालाही मागे असंच फिरवायचं बटण होतं. आपल्याकडे सगळेच संध्याकाळी ते खाली करून ठेवतात, आणि मग गाव झोपलं की व्होल्टेज चढतं, आणि बटण खालीच राहतं. मारियाण विसरला होता. मी म्हटलं, माणूस विसरतो, तांब्याची तार विसरत नाही. सरळ दोनशे तीसचा घेऊ. देवळात आवाज थोडा कमी येईल, येऊ दे. जळणार तरी नाही.

"हांव विसरचो ना," तू म्हणालास.

मी बोटं मोजली. म्हापशाच्या बसमध्ये राहिलेली छत्री. डिचोलीच्या हॉटेलात राहिलेला जेवणाचा डबा. आईसाठी आणलेलं आणि खिशातच राहून धुतलं गेलेलं औषध. आणि केरीच्या कार्यक्रमाला तू स्वतः वेळेवर पोचलास, गिटार इथे खाटेवर!

"ता वेगळा," तू म्हणालास.

"वेगळं कसं?"

"गिटार म्हाका विसरली. हांव गिटारीक विसरलो ना."

असं किती आयतार चाललं होतं. शनिवारी संध्याकाळी तू यायचास, आयतारी सकाळी पोदेर पाव देऊन जायच्या आधीच तुझं टुणटुण सुरू व्हायचं, आणि चहा पिता पिता टॅप. आई म्हणायची, तुम्हाला दोघांना दुसरं काही नाहीच का. आपल्याला खरंच नव्हतं. माझ्या घरात मी कॉलेजात काय शिकते हे विचारणारा तू एकटाच होतास. विचारणारा नव्हे, भांडणारा. आई-बाबांना मी जे शिकते त्याचा अभिमान आहे, पण ते त्याला हात लावत नाहीत, देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं. तू मात्र माझ्या ओहमच्या नियमाला कोपरखळी मारायचास.

आपलं दुसरं भांडण तर अर्धंच राहिलं. भाषेचं. गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आणि मी कॉलेजात मराठीवाल्यांच्या बाजूने हात वर करून आले, तेव्हा तू बराच वेळ हसलास. "बाय, तू जेवणावरून झगडतंस कोकणीत आणि ट्रान्सफॉर्मरावरून मराठीत. तुझी खरी भास खंयची?" मी म्हटलं, आणि तू? तू घरात बोलतोस एक आणि जत्रेच्या नाटकात गातोस दुसरंच. तू म्हणालास, "माझ्यार दोन टॅप आसात." मी इतकी चिडले! कुठल्याही भांडणात तुझा टॅप यायचाच.

  हे मी मराठीत लिहितेय, कारण मला लिहायला हीच येते. पण तू बोललेलं लिहायला घेतलं की हात आपोआप दुसरीकडे वळतो. तुला मराठीत बोलायला लावलं की तो तू वाटत नाहीस. एवढंच मला समजलंय.

शेवटचा आयतार. मला वाटतं तो कसल्याच खुणेचा नव्हता. तुला बरं वाटत नव्हतं, तू गप्प होतास, असं काहीच नव्हतं. आता सगळे मला विचारतात, काही बोलला का, छातीत दुखतं म्हणाला का. नाही. तू तीन पाव खाल्लेस आणि टॅपवरून माझ्याशी भांडलास. आवाज चढवून भांडलास. मग फाट्यावर बसचा हॉर्न ऐकू आला आणि तू अर्ध्या वाक्यात उठलास. गिटार खाटेवर ठेवलीस. दारातून ओरडलास, "आयतारा परत झगडूया!" आणि धावलास.

तू गेल्यावर माझं लक्ष गेलं. तारा उतरवल्या नव्हत्यास.

दर आयतारी जायच्या आधी तू सहाही खुंट्या थोड्या सैल करायचास. स्वस्तातली गिटार, मान वाकेल, म्हणायचास. कधीच चुकवलं नव्हतंस. आणि त्या दिवशी, विसरणार नाही विसरणार नाही असं माझ्यावर ओरडून, विसरलास! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, मग तू सैल कर. मी म्हटलं, छे! हात लावायचा नाही. हा पुरावा आहे. पुढच्या आयतारी आला की आधी हा दाखवणार, मग बघूया टॅप कसा मागतो ते.

मी गिटारीवर तुझं धुतलेलं पांघरूण घातलं आणि आठवडाभर कुणाला तिच्या जवळ जाऊ दिलं नाही.

आता ती तशीच आहे, मामा. तू लावलेल्या सुरात. या घरात तुझ्या हाताने केलेलं आणि अजून चालू असलेलं असं तेवढं एकच आहे. इंजिनासारखं.

सगळे विधी आटोपल्यावर माझ्या लक्षात आलं की खुंट्या जुन्या, घसरणाऱ्या आहेत, सूर रोज थोडा थोडा उतरत असणार. तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. डबा पुरा करायचा. तुझा सूर उतरायच्या आत करायचा. गिटार लावायची, एक एक तार नुसती छेडायची, आणि तो रडून उठलेला आवाज एकदा ऐकायचा. वाजवायला मला येत नाही, पण छेडायला काय लागतं? फक्त ट्रान्सफॉर्मर नव्हता.

म्हणून काल म्हापशाला गेले.

लोरेन्स तुला ओळखतो, पण मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. काउंटरवर तारांची रिळं, भिंतीला पंख्यांच्या मोटारी, आणि वार्निशचा वास. मी तुझं नाव सांगितलं. त्याला बातमी कळली होती. त्याने हातातलं काम ठेवलं आणि हात पुसले. मग म्हणाला, "तूं ती भाची?"

मी मान हलवली.

"आयतारा सांजेक स्टँडार मेळ्ळो म्हाका," तो म्हणाला. "डिचोलेचे बशीक रावतालो. म्हणपाक लागलो, भाची सांगता तसो कर. टॅप नाका. हांव विसरतां."

मामा, आयतारी संध्याकाळी. म्हणजे माझ्याशी भांडून उठलास, पार्सेहून म्हापशाला पोचलास, आणि स्टँडवर मान्य करून टाकलंस. मला न सांगता.

मी त्याला म्हटलं, नक्की असंच म्हणाला?

लोरेन्स हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. "आनी म्हणालो, तिका आताच सांगू नाका. आनीक एक आयतार झगडूं दी."

मी काउंटर धरून उभी राहिले. बाहेर बाजारात कुणी मिरच्यांचा भाव ओरडत होतं, आणि मला वाटलं, हे सगळे कसे काय चालू आहेत?

लोरेन्सने मला स्टूल दिलं. मग त्याच्या पद्धतीने, म्हणजे कामाचं बोलून, तो मला धीर द्यायला लागला. त्याने फळीवरून एक तयार ट्रान्सफॉर्मर काढला. कुणीतरी करायला सांगून नेलाच नव्हता. सहा-तीन बरोबर, पण वरचं वायंडिंग तीनशेच्या पुढे, टॅप नाही. "हो आयजूच व्हर," तो म्हणाला. "वाल्व्ह मात तापतलो. थोडे दीस चलतलो." तुझ्यासाठी नवा गुंडाळला तर तो पुढच्या शुक्रवारी मिळणार होता. गुंडाळायला वेळ लागत नाही, वार्निशला लागतो. "वार्निश भितर सुकूंक जाय. ना जाल्यार रडत रावता."

मी तो तयार ट्रान्सफॉर्मर हातात घेतला. जड होता. त्याच रात्री तुझा सूर ऐकता आला असता. घरी नेऊन, डब्यात बसवून, लगेच. पुढच्या शुक्रवारपर्यंत तो सूर राहणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी तो मांडीवर घेऊन किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही. मारियाणच्या रेडिओतला तो मोठा वाल्व्ह डोळ्यांपुढे येत होता. तू तो कापसात गुंडाळून ठेवायचास. त्याची प्लेट लाल झाली असती. एका वेळेसाठी.

मी ट्रान्सफॉर्मर परत फळीवर ठेवला. म्हटलं, नवा करा.

"दोनशे तीसचो? तुझो मामा म्हणालो तसो?"

आणि मामा, तेव्हा मला कळलं. टॅप नको, याचं माझ्याकडे एकच कारण होतं. तू विसरशील. गणित तुझंच बरोबर होतं. देवळातले एकशे ऐंशी खरेच होते. आवाज तुझ्याच ट्रान्सफॉर्मरमधून चांगला येणार होता. फक्त तू विसरशील. आणि आता ते कारण राहिलेलं नाही.

"टॅप काढा," मी म्हटलं. "बटण मी फिरवणार."

लोरेन्सने विचारलं नाही, की वाजवणार कोण. आईने मात्र घरी आल्यावर विचारलं.  पेटीवाल्या मास्तरांनी निरोप पाठवलाय की जत्रेच्या नाटकात तुझी जागा ते मोकळी ठेवणार आहेत, पेटीच्या डाव्या बाजूला. त्या जागेवर डबा ठेवेन, आणि दिवे लागले की बटण खाली करेन, नाटक संपलं की वर करेन. तेवढं मला येईल. बाकीचं शिकावं लागेल, नाहीतर शिकणाऱ्याला शोधावं लागेल.

आज सकाळी पोदेराचा भोंगा वाजला आणि मी पांघरूण काढलं. अॅम्प्लिफायर नसताना ती गिटार किती बारीक बोलते, तुला माहीत आहे. म्हणून कान लाकडाला लावला आणि जाड तार छेडली. मग पुढची. तू लावलेलं सगळं लाकडातून ऐकू येत होतं, अगदी आतून. पाच तारा तुझ्याच होत्या. सहावी, सगळ्यात बारीक, उतरली होती. थोडीच. पण उतरली होती.

 मग डावा हात खिशात घातला, का ते विचारू नकोस, आणि उजव्या हाताने खुंटी पिळली. तू शिकवलं होतंस तसं, शेजारच्या तारेवरून कान धरून. थोडी, आणखी थोडी.

बहुतेक जास्तच वर गेली, मामा. मला तरी जास्त वाटते. आज आयतार नाही, पण बोल ना काहीतरी.